आधी अंतर, मग समजूत: नार्सिसिस्ट व्यक्तीच्या छळातून बाहेर पडताना अतिसंवेदनशील माणसाने काय करावं

नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःलाच सर्वांत मोठं मानणाऱ्या आणि इतरांच्या भावनांची पर्वा नसणाऱ्या व्यक्तीपासून दूर झालेली संवेदनशील माणसं पहिले काही आठवडे बहुधा एकाच कामात घालवतात. ती व्यक्ती अशी का वागली, याचा शोध. तिचं बालपण, तिच्या जुन्या जखमा, तिला खरंच प्रेम वाटत होतं की नाही... रात्री दोन वाजेपर्यंत वाचन आणि व्हिडिओ चालू असतात. यात वाईट काही नाही, पण क्रम चुकतो. समजून घेण्याच्या याच सवयीवर तो सगळा संबंध तगला होता. दूर झाल्यावरही तीच सवय चालू राहिली, तर माणूस घराबाहेर पडतो आणि मन तिथेच मुक्कामाला राहतं.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम वेगळा आहे. आधी सुरक्षितता, मग अंतर, मग शरीर, मग नोंदी आणि सीमा. समोरच्याला समजून घेणं या यादीत नाही.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं

अतिसंवेदनशीलता हा आजार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांनी १९९० च्या दशकात या स्वभावगुणाचा अभ्यास मांडला. त्यांच्या अंदाजाने साधारण १५ ते २० टक्के लोकांत तो ठळकपणे दिसतो. त्याची चार अंगं सांगितली जातात: गोष्टींवर खोल विचार करणं, उत्तेजनेने लवकर थकणं, भावना आणि सहवेदना तीव्र असणं, आणि बारीकसारीक बदल चटकन टिपणं.

छळणारी व्यक्ती या चारही अंगांचा वापर करते. तुम्ही खोल विचार करता, म्हणून तिच्या एका विसंगत वाक्यावर तुमचे तीन दिवस जातात. तुम्ही लवकर थकता, म्हणून मध्यरात्रीच्या भांडणात कधी एकदा हे संपतंय असं होऊन नको ते कबूल करून टाकता. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तुमची तक्रार तुम्हीच मागे घेता. आणि दार उघडण्याच्या आवाजावरून तिचा मूड ओळखायला शिकलेले असल्यामुळे, तो मूड सांभाळणं हे आपलंच काम आहे, असं तुम्हाला वाटू लागतं. वर पुन्हा "तू फार मनाला लावून घेतेस", "तू राईचा पर्वत करतोस" हे आहेच. तुमच्या लक्षात येत होतं ते बहुतेक वेळा बरोबर होतं. मोडला तो त्यावरचा तुमचा विश्वास.

आता नार्सिसिस्ट या शब्दाविषयी. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान आहे. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी नियमावलीत, त्याचे ९ निकष आहेत, त्यांपैकी किमान ५ लागू व्हावे लागतात, आणि ते तपासण्याचं काम प्रशिक्षित तज्ज्ञाचं. तुम्हाला या निदानाची गरज नाही. सतत अपमान, वास्तव नाकारणं, आधी डोक्यावर घेऊन मग पायदळी तुडवणं, चूक स्वतःची असताना उलट्या बोंबा मारणं, एवढं वागणं पाहून दूर होण्याचा निर्णय घेता येतो. आणि "तू नार्सिसिस्ट आहेस" असं त्या व्यक्तीला कधीही सांगू नका. त्यातून कबुली मिळत नाही, नवं युद्ध सुरू होतं, आणि तोच शब्द दुसऱ्या दिवसापासून तुमच्यावर फेकला जातो.

पायरी १: धोका तपासा

ही पायरी वगळून पुढे जाऊ नका, "आमच्याकडे तसं काही नाही" असं वाटत असलं तरी. जिथे मारहाण, धमक्या, पाठलाग किंवा हत्यार दाखवणं घडलं आहे, तिथे सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला तेव्हाच कळतं. गळा दाबण्याचा प्रकार एकदाही झाला असेल, तर ते पुढच्या जीवघेण्या हल्ल्याचं अत्यंत गंभीर लक्षण मानलं जातं. खूण उरली नसली तरीही. अशा परिस्थितीत निर्णय आधी जाहीर करू नका, शेवटचं बोलणं करायला एकटे जाऊ नका, आणि कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या मदतकेंद्राच्या सल्ल्याने बाहेर पडण्याचा दिवस ठरवा.

ओळखपत्रं, बँकेची आणि मालमत्तेची कागदपत्रं, मुलांची कागदपत्रं, नेहमीची औषधं, किल्ल्यांचा जादा जोड आणि थोडी रोख रक्कम घराबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवा. मूळ कागद हलवणं शक्य नसेल तर फोटो काढा. मात्र ते अशा खात्यात ठेवा जे त्या व्यक्तीला माहीतच नाही.

पायरी २: फोन आणि खाती

अंतर पाळायचं ठरवूनही गोष्ट सर्वांत जास्त फसते ती इथे. माणसं नंबर ब्लॉक करतात, आणि फोटोंचं सामायिक खातं तसंच चालू राहतं.

पहिला प्रश्न: तुमचा फोन त्या व्यक्तीच्या हाती बराच काळ असायचा का? असेल तर त्यावर नजर ठेवणारं ॲप असू शकतं. त्याच फोनवरून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही तिकडे पोचतील. म्हणून बदल दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून करा.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. पासवर्ड बदलला की खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पर्यायी फोन नंबर आणि पर्यायी ईमेल कुणाचा आहे ते बघा. जुन्या जोडीदाराचा नंबर तिथे वर्षानुवर्षं राहून गेलेला असतो. मग लॉग-इन असलेली सगळी उपकरणं बाहेर काढा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. त्यानंतर बँक, मग क्लाउडवरचे फोटो आणि बॅकअप, मग लोकेशन शेअरिंग, मग समाजमाध्यमं, आणि शेवटी घरातले राउटर, कॅमेरे आणि एकत्र सदस्यत्व असलेली ॲप. गाडीचं आणि मुलांच्या टॅबलेटचं लोकेशन हमखास विसरलं जातं.

एक अपवाद आहे. हिंसेची भीती असेल, तर अचानक लोकेशन बंद होणं हेच समोरच्याला इशारा ठरू शकतं. तेव्हा हे बदल बाहेर पडण्याच्या दिवसाशी जुळवून करा, आधी नको.

ब्लॉक करण्याआधी जुने मेसेज जपून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. ते एका फोल्डरमध्ये टाका, आणि फोल्डर शक्यतो विश्वासू माणसाकडे द्या. स्वतःच्या फोनवर ठेवलं तर रात्री उघडलं जातंच.

पायरी ३: संपर्क बंद, आणि बंद म्हणजे बंद

सूचना द्यायचीच असेल तर एक वाक्य पुरे: "यापुढे मी संपर्कात राहणार नाही." कारणं लिहू नका. संवेदनशील माणसाला इथे चार पानांचं पत्र लिहावंसं वाटतं, कारण नीट समजावलं तर समोरच्याला कळेल ही आशा अजून जिवंत असते. त्या पत्रातलं प्रत्येक कारण हा वादाचा नवा मुद्दा होतो. पत्र जरूर लिहा, फक्त पाठवू नका.

त्यानंतर काय होतं, ते आधीच माहीत असलेलं बरं. कधी प्रेम, कधी तिरस्कार, आणि कोणत्या दिवशी काय मिळेल याचा नेम नाही, अशा वागण्याने जडलेली ओढ नुसत्या प्रेमाने जडलेल्या ओढीपेक्षा चिवट असते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत उशिरा सुटते, हे वर्तनशास्त्रात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही इथे लागू पडतो: बक्षीस थांबलं की वागणं आधी वाढतं, मग विझतं. म्हणजे तुम्ही उत्तर देणं थांबवल्यावर फोन कमी होणार नाहीत, काही काळ वाढतील. चौदाव्या फोनला तुम्ही उचललं, तर समोरच्याने एवढंच शिकलं की चौदा वेळा करावा लागतो. तुमच्या मनातली ओढही अशीच आधी भडकते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात "आता तर जास्तच त्रास होतोय, म्हणजे निर्णय चुकला" असं वाटतं. निर्णय चुकलेला नसतो.

परत ओढण्याचे प्रकार ठरलेले असतात. आजारपणाची बातमी, वाढदिवसाचा मेसेज, "तुझी एक वस्तू राहिली आहे", अचानक सुचलेला पश्चात्ताप, समुपदेशनाला जायची तयारी. हे जमलं नाही की बदनामी किंवा कायदेशीर धमकी. प्रत्येकासाठी काय करायचं ते शांत असताना कागदावर लिहा. आजारपणासाठी डॉक्टर आणि इतर नातेवाईक आहेत. वस्तू तिसऱ्या माणसामार्फत किंवा कुरिअरने. कायदेशीर पत्र आलं तर उत्तर वकील देईल. पश्चात्तापाला उत्तर नाही.

मध्यस्थांसाठी एक वाक्य तोंडपाठ करा: "या विषयावर मी बोलणार नाही, तुझं कसं चाललंय ते सांग." टाळी एका हाताने वाजत नाही, असं सांगणारे लोक भेटतीलच. त्यांच्यातले बरेच वाईट नसतात, त्यांना फक्त दोघांशीही संबंध ठेवायचे असतात. पण तुम्ही सांगितलेलं त्यांच्याकडून तिकडे पोचतं. त्यांना पटवून देण्यात शक्ती घालवू नका.

ओढ अनावर झाली की वीस मिनिटांचा गजर लावा आणि दुसऱ्या खोलीत जा. लाट बहुधा तेवढ्यात ओसरू लागते. सोबत दहा ओळींची एक यादी ठेवा: त्या व्यक्तीने केलेल्या दहा विशिष्ट गोष्टी, शक्यतो तिच्याच शब्दांत. "ती वाईट वागायची" असं लिहिलंत तर त्याचा उपयोग नाही. "माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री तीनपर्यंत भांडण उकरून काढलं" असं लिहिलंत तर होतो. ओढीच्या वेळी मन फक्त चांगले दिवस समोर आणतं. ही यादी बाकीचे दिवस आणते.

संपर्क तोडणं शक्यच नसेल तर

मुलं, एकच कार्यालय, वयस्क आई-वडील. अशा ठिकाणी बोलणं लेखी ठेवा, विषय एकच ठेवा, आणि दोन-तीन ओळींपुढे जाऊ नका. उदाहरणार्थ, समोरून वीस ओळींचा मेसेज आला, त्यात पंधरा आरोप, तीन टोमणे आणि मुलांना न्यायची वेळ. उत्तर: "बुधवारी सहा वाजता मुलं तयार असतील." आरोपांना उत्तर न देणं म्हणजे ते मान्य करणं नव्हे. मेसेज बघायची दिवसातली एक वेळ ठरवा, आणि झोपण्याआधीचे दोन तास त्यात येऊ देऊ नका.

समोरासमोर असताना चेहरा आणि आवाज सपाट ठेवायचा, स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, आनंदाचंही नाही. ही पद्धत उपयोगी पडते, पण तिची किंमत असते. भावना दाबून धरणं संवेदनशील माणसाला इतरांपेक्षा जड जातं, आणि पुढे ते अंगवळणी पडलं तर मित्रांसमोरही माणूस गोठून बसतो. म्हणून भेटीनंतर अर्धा तास मोकळा ठेवा. भरभर चाला, रडायचं असेल तर रडा, विश्वासातल्या एका माणसाला फोन करा. आणि जिथे मारहाण होते तिथे ही पद्धत वापरू नका. प्रतिसाद मिळत नाही म्हणून तिथे हिंसा वाढू शकते.

पायरी ४: आधी शरीर

महिनोन्महिने सावध राहिलेलं शरीर सुरक्षित जागी पोचलं तरी लगेच सैलावत नाही. मेसेजचा आवाज ऐकून पोटात खड्डा पडणं, पहाटे तीनला जाग येणं, जबडा आवळलेला असणं, भूक न लागणं, हे सगळं अपेक्षित आहे.

श्वासाचा व्यायाम साधा आहे: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, पाच मिनिटं. मिनिटाला सहा श्वास होतात. बाहेर सोडण्याचा वेळ जास्त असला की हृदयाची गती उतरायला मदत होते. दिवसातून दोनदा करा, आणि तेही शांत असताना. केवळ घाबरल्यावर केला तर शरीर या व्यायामाचाच संबंध भीतीशी जोडतं. श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घबराट वाढते. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि पायांचे तळवे जमिनीवर जोराने दाबावेत, किंवा गार पाण्याने तोंड धुवावं.

पाच गोष्टी पाहा, चार ऐका, तीन स्पर्श करा, असा एक व्यायाम सगळीकडे सुचवला जातो. आधीच आवाजाने आणि उजेडाने थकलेल्या माणसाला तो जड होऊ शकतो. तुमच्या बाबतीत तसं होत असेल तर एकच वस्तू घ्या, हातात धरा, आणि तिचं वजन, खडबडीतपणा, तापमान एवढंच पाहा.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. पहाटे जाग आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन-तीन आठवडे झोप विस्कटलेलीच राहिली, किंवा दैनंदिन कामं थांबली, तर डॉक्टरांकडे जा. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर थांबू नका. त्याच दिवशी आपत्कालीन मदत किंवा हेल्पलाइन गाठा आणि रात्री एकटे राहू नका.

एकांत हवाच, पण मोजून. दिवसातून तासभर कमी आवाजाची, कमी उजेडाची जागा ही संवेदनशील माणसाची खरी गरज आहे. मात्र चार-चार दिवस कुणाशीच बोलणं नसेल तर तो आराम राहत नाही. छळणाऱ्या व्यक्तीने तुम्हाला माणसांपासून तोडण्याचं जे काम सुरू केलं होतं, तेच पुढे चालू राहतं. आठवड्यातून निदान दोन वेळा, ज्याच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही अशा माणसाला भेटा.

सावधपणा आणि संवेदनशीलता यांत गल्लत नको

"मी जन्मतःच अशी घाबरट", असं बरेच जण मानून बसतात. फरक तपासता येतो. संवेदनशीलता लहानपणापासून असते आणि ती दोन्ही बाजूंनी चालते: गोंगाटाने त्रास होतो, तसा संगीताने, पावसाच्या वासाने, कुणाच्या छोट्याशा चांगुलपणाने जीव भरूनही येतो. आघातातून आलेला सावधपणा नंतरचा असतो आणि तो फक्त धोका शोधतो. मजकुरात पूर्णविराम दिसला तरी "रागावली असेल का" असं वाटतं. यातला पहिला गुण आयुष्यभर राहणार आहे आणि राहू द्यावा. दुसरा सुरक्षित वातावरणात हळूहळू उतरतो. दोन्हीला स्वभाव समजलात तर उतरणाऱ्या गोष्टीचेही उपचार होत नाहीत.

पायरी ५: लिहिणं, पण ठरवून

मन मोकळं करण्यासाठी लिहा, असं सगळेच सांगतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली पद्धत प्रसिद्ध आहे: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, मनातलं खोलवरचं लिहायचं. अनेकांना तिचा फायदा होतो. पण नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळं दिसलं. जे आधीच "हे का झालं" याचा अर्थ शोधत घोळत राहणारे होते, त्यांना भावनांवर लिहिण्याने तोटा झाला. त्यांच्यातले ज्यांनी फक्त दिवसभरात काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिलं, ते काही महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. खोल विचार करणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

तेव्हा पहिले दोन-तीन महिने लिहायचं ते असं. रोज पाच ओळी: किती वाजता उठलो, काय खाल्लं, कुणाशी बोललो, कोणतं काम पूर्ण झालं. आणि दुसऱ्या वहीत घटनांची नोंद, तीन रकान्यांत. तारीख, काय घडलं आणि नेमके शब्द काय होते, आणि नंतर त्या व्यक्तीने ते कसं सांगितलं. संपर्क चालू असेल तर घटना घडल्यापासून २४ तासांच्या आत लिहा, कारण "मी असं म्हणालेच नव्हते" हे ऐकल्यावर स्वतःचीच आठवण डळमळते. त्या वहीत "का" हा शब्द येऊ देऊ नका. सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा तुमच्या निरीक्षणावरचा विश्वास परत येण्यासाठी ही वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येईल.

डोक्यात चाललेल्या काल्पनिक वादांना दिवसातली १५ मिनिटं नेमून द्या, संध्याकाळी, ठरलेल्या खुर्चीत. इतर वेळी विचार आला की एका शब्दात टिपून ठेवा आणि "साडेसहाला" म्हणा. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. तरी चालू ठेवा.

"मीच नार्सिसिस्ट तर नाही ना?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो, कारण शेवटी शेवटी तुम्हीही ओरडलेले असता, खोटं बोललेले असता, त्या व्यक्तीचा फोन तपासलेला असतो. उत्तर एका घटनेत शोधू नका, नमुना पाहा. कोण कुणाला घाबरत होतं? कुणाचे मित्र, पैसे, झोप, काम कमी होत गेलं? माफी कुणी मागितली, आणि त्यानंतर वागणं कुणी बदललं? इतर नात्यांमध्ये तुम्ही असेच वागता का? तुमचं चुकलेलं वागणं चुकलेलंच होतं, ते तसं मान्य करा. पण कोंडीत सापडून केलेला प्रतिकार आणि वर्षानुवर्षं चालवलेला ताबा यांना एका मापाने मोजू नका.

पायरी ६: थेरपिस्ट निवडणं

छळ चालू असताना दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाऊ नये. तुम्ही खोलीत जे उघड कराल त्याची वसुली घरी होते, आणि गोड बोलण्यात तरबेज माणूस समुपदेशकालाही आपल्या बाजूने वळवू शकतो.

पहिल्या भेटीत सरळ विचारा: मानसिक छळ आणि ताबा ठेवण्याच्या वागण्यावर तुम्ही किती काम केलं आहे? आघातावर कोणती पद्धत वापरता? मला हळू जायचं असेल तर चालेल का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) या दोन पद्धतींची शिफारस केली. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे याच संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, दीर्घकाळ चाललेल्या छळानंतर दिसणाऱ्या कॉम्प्लेक्स पीटीएसडीला वेगळं स्थान आहे. भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल कायमची शरम, आणि जवळीक टिकवता न येणं ही त्याची जास्तीची लक्षणं. ती तुमच्यात असतील तर तसं नाव घेऊन विचारा.

"क्षमा करा, पुढे जा", "दोघांचीही चूक असते", असं पहिल्याच दोन भेटींत ऐकायला मिळालं तर दुसरा माणूस शोधा. आणि एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: संवेदनशील लोक थेरपिस्टचाही चेहरा वाचतात आणि त्याला बरं वाटेल अशी उत्तरं देतात. भेटीनंतर "त्यांना वाईट वाटू नये म्हणून बरं वाटतंय म्हणालो" असं जाणवलं तर पुढच्या भेटीत तेच वाक्य पहिलं बोला. तासाभराची भेट जड जात असेल, दोन दिवस डोकं चालत नसेल, तर वेग कमी करायला सांगा. चांगल्या वातावरणाचा आणि उपचारांचा फायदाही संवेदनशील लोकांना इतरांपेक्षा जास्त होतो, असं संशोधनात दिसलं आहे. त्यामुळे योग्य माणूस शोधण्याचे कष्ट वाया जात नाहीत.

पायरी ७: सीमा, लहानापासून

सीमा म्हणजे समोरच्याने काय करावं याची मागणी नव्हे. "माझ्यावर ओरडू नकोस" ही विनंती झाली. "ओरडणं सुरू झालं तर मी फोन ठेवेन" ही सीमा, कारण ती पाळणं तुमच्या हातात आहे. आणि जे करणार नाही ते बोलू नका.

सराव सुरक्षित माणसांवर करा. कुणीही काहीही मागितलं की "विचार करून उद्या सांगतो" म्हणायचं, इतकंच, महिनाभर. संवेदनशील माणूस समोरच्याची निराशा त्याच क्षणी अंगावर घेतो, म्हणून जागेवरचा होकार बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. नकार दिल्यावर अपराधी वाटेल. काही तास, कधी दोन दिवसही. त्या वेळात स्पष्टीकरणाचा मेसेज पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. अपराधी वाटणं म्हणजे चूक केल्याचा पुरावा नव्हे. ती जुनी शिक्षा अजून शरीराला आठवते आहे.

नवीन ओळखीतही हाच सराव उपयोगी पडतो. लवकरात लवकर एक छोटा नकार द्या: भेटीची वेळ बदला, एखादं मत वेगळं सांगा. मग पाहा. निरोगी माणूस थोडा हिरमुसतो आणि पुढे जातो. जो रुसतो, टोमणा मारतो, किंवा दुप्पट गोड होऊन तुमचा नकार गिळून टाकतो, त्याच्याशी वेग कमी करा. पहिल्या महिन्यातच "तुझ्यासारखं मला कुणीच समजून घेतलं नाही" असं ऐकून मन विरघळत असेल, तर नेमकं तिथेच थांबायचं आहे.

दुःख होणारच

बरं वाटू लागल्यावर, साधारण गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच, मोठं रडू येतं. ते त्या व्यक्तीसाठी कमी आणि सुरुवातीला जो माणूस दाखवला गेला त्याच्यासाठी जास्त असतं. आई किंवा वडील नार्सिसिस्ट असतील तर कधीच न मिळालेल्या पालकासाठी असतं. याला घाई करू नका आणि त्याला परत जाण्याचा संकेतही समजू नका.

संपर्क झालाच तर

अनेकांच्या हातून होतो. मेसेजला उत्तर जातं, किंवा प्रोफाइल उघडून पाहिली जाते. त्यानंतरची शरम मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण शरमेपोटी माणूस आपल्या माणसांना सांगत नाही, आणि गुपित राहिलं की दुसरा मेसेज जातो. म्हणून त्याच दिवशी एका माणसाला सांगा. पुन्हा ब्लॉक करा, निरोपाचा किंवा माफीचा मेसेज न पाठवता. त्याआधीच्या तासाभरात काय घडलं होतं ते वहीत लिहा: झोप कमी होती, कुणी त्या व्यक्तीचं नाव काढलं, सुट्टीचा दिवस होता, एकटेपणा होता. पुढच्या वेळी तशीच वेळ येईल, तेव्हाची सोय आत्ताच ठरवा. कुणाकडे जायचं, फोन कुठे ठेवायचा, रात्री सोबत कोण असेल. आणि उठायची वेळ उद्याही तीच ठेवा.